डाळिंबी कापडाचा अर्धा तुकडा

मागच्या महिन्यात नोएडातल्या एका हॉटेलात दुबईतले फ्लॅट विकायचा मेळा भरला होता. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर निमंत्रण आलं, चहा-नाश्ता फुकट होता, म्हणून गेलो. घ्यायचं काहीच नव्हतं. पण भाव विचारल्याशिवाय एखाद्या दुकानावरून पुढं जाणं मला आयुष्यात जमलेलं नाही.

काळा कोट घातलेली एक मुलगी मला टॅबलेटवर चित्रं दाखवू लागली. समुद्रात उभे राहिलेले मनोरे, काचेचे पूल, चाळिसाव्या मजल्यावरचा पोहण्याचा तलाव. मग तिनं एक जुना, पिवळट फोटो दाखवला आणि पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "सोचिए सर, कुछ साल पहले यहाँ कुछ नहीं था. बस रेत."

मी कप ठेवला तो जरा जोरातच ठेवला गेला.

"कुछ नहीं था?"

"मतलब सर, डेव्हलपमेंट से पहले…"

"मेरा भाई था वहाँ!"

आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. ती पोरगी घाबरून 'सॉरी सर, सॉरी सर' करत राहिली. तिचा काय दोष होता? मी खाली पार्किंगमध्ये येऊन गाडीत बसलो आणि बराच वेळ गाडी सुरू केली नाही. दादाला जाऊन तेव्हा चार महिने झाले होते.

त्याच्या शेवटच्या काही महिन्यांआधी आम्ही दोघं एकोणीस वर्षं एकमेकांशी बोललो नव्हतो. मला त्याच्याकडून एकच वाक्य हवं होतं : 'माझं चुकलं.' ते त्यानं म्हणावं, मग मी मोठ्या मनानं जाऊ दे म्हणेन, असं मी ठरवून ठेवलं होतं. शेवटी ते वाक्य मला मिळालं. कसं मिळालं ते लिहिल्याशिवाय आता मला चैन पडणार नाही.

आम्ही दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलो. वडील एका मंत्रालयात कारकून. दोन्ही मुलांनी परीक्षा देऊन सरकारात चिकटावं एवढंच त्यांचं म्हणणं. दादा माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा. त्याला परीक्षा जमली नाही. ओळखीच्या कुणीतरी त्याला दुबईला नेलं, तिथल्या खाडीकाठच्या एका कापडाच्या दुकानात तो तागे उलगडून दाखवायच्या कामाला लागला. मीही परीक्षेत दोनदा आपटलो. मग चांदनी चौकातून कापड आणून स्कूटरवरून आमच्याच कॉलनीत विकू लागलो. जे काही शिकलो ते तिथल्या बायकांकडून. तमिळ बाई गप्प बसून भाव पाडायची, पंजाबी बाई हसून पाडायची, आणि आपली मराठी बाई 'आमच्या पुण्यात तर' असं सुरू करायची. तिथं टिकलो म्हणून पुढं कुठंही टिकलो. मला कुणी काही दिलेलं नाही, हे वाक्य मी आयुष्यभर ऐटीत म्हणत आलो.

ते खरं नव्हतं. दुबईचा रस्ता मला दादानं दिला.

दादाचे शेठ थकले तेव्हा ते दुकान त्यानं चालवायला घेतलं. परवान्यावर तिथल्या एका माणसाचं नाव आणि गल्ल्यावर दादा, अशी तिथली तेव्हाची रीत होती. त्यानं मला बोलावून घेतलं. मी पहिल्यांदा ती खाडी पाहिली तेव्हा काठाला लाकडी गलबतं तीन-तीन, चार-चार एकमेकांना चिकटून उभी होती. एकावरून उडी मारून दुसऱ्यावर जायचं. आणि काठावर उघड्यावर मालाचे ढीग : फ्रिज, टायर, चहाच्या पेट्या, कापडाचे गठ्ठे. राखण करायला चिटपाखरू नाही. मी दिल्लीचा माणूस, मला ते बघवेना.

"दादा, हे चोरीला जात नाही?"

"कोण चोरेल?" दादा म्हणाला. "सगळ्यांनाच परत इथंच यायचंय."

त्याच फेरीत मी नमुना फाडायची पद्धत पाहिली. सौदा ठरला की कापडाचा हातभर तुकडा घ्यायचा. एक टोक विकणाऱ्यानं धरायचं, दुसरं घेणाऱ्यानं, दातानं जरासा चरा द्यायचा आणि दोघांनी मिळून तो फाडायचा. अर्धा याच्याकडे, अर्धा त्याच्याकडे. माल उतरला की दोन्ही अर्धे आणून कडेला कड लावायची आणि त्यांच्याशेजारी आलेला तागा धरायचा. कात्रीनं कापलेल्या कडेसारखी दुसरी कड कुणीही कापू शकतो. हातानं फाडलेली कड मात्र पुन्हा तशी फाटत नाही. कागद नाही, सही नाही. आपापला तुकडा घेऊन समोरासमोर यायचं, एवढाच करार. जो तुकडा आणत नाही, त्याचं म्हणणं कुणी ऐकत नसे.

आमच्या दोघांचा पहिला तुकडा डाळिंबी रंगाचा होता. पूर्व आफ्रिकेतल्या एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याला त्या रंगाचं सुती कापड हवं होतं, बायकांनी अंगावर घ्यायला. मी दिल्लीहून रंगवून आणलेला नमुना त्यानं गालाला लावून पाहिला आणि मान हलवली. मी भावासाठी त्याच्याशी तासभर भांडलो. दादाला घासाघीस कधीच जमली नाही. मी खेचून वर नेलेला भाव तो माझ्यामागून गिऱ्हाइकाला चहा पाजता पाजता थोडा खाली आणून द्यायचा. "अरे, त्यालाही घरी जाऊन तोंड दाखवायचंय," म्हणायचा. मी चिडायचो. पण ती गिऱ्हाइकं परत परत त्याच्याकडे यायची. ती माझ्याकडे कधी आली नसती.

गिऱ्हाइकाशी वेगळा तुकडा असे. पण दादा म्हणाला, "आपणही फाडू. भाऊ आहोत म्हणून सोडायचं नाही." आम्ही हसत हसत तो फाडला. त्याचा अर्धा त्यानं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवला. माझा मी खिशात घालून दिल्लीला आणला.

पुढच्या वीसेक वर्षांत माझ्या किती फेऱ्या झाल्या ते आठवत नाही. प्रत्येक फेरीला त्या गावात काहीतरी नवं दिसायचं आणि दादाच्या गल्लीतलं काहीतरी कमी झालेलं असायचं. मोठं बंदर शहराबाहेर गेलं. माल लोखंडी पेट्यांमधून यायला लागला, म्हणजे तो हातात घेऊन कुणी बघेना. विमानतळ एवढा वाढला की बाहेर पडायला चालून चालून पाय दुखायचे. सगळ्या जगाच्या कंपन्यांनी तिथं ऑफिसं थाटली. दादाच्या जुन्या गिऱ्हाइकांची पोरं त्या काचेच्या मनोऱ्यांत बसून फोनवर चीनमधून माल मागवू लागली. रंगाला नंबर आला. नंबर सांगायचा, यंत्र तो मोजतं, संपलं. दादाच्या गल्लीत पर्यटक येऊ लागले आणि गलबतांसमोर उभं राहून फोटो काढू लागले.

"आपण आता बघायची वस्तू झालो बघ," दादा एकदा म्हणाला. मी हसलो. तो हसला नव्हता.

मी मात्र वाढत होतो. नोएडात, जिथं मी तरुणपणी मोहरीची शेतं पाहिली होती, तिथं माझं कापड रंगवण्याचं युनिट उभं राहिलं. वरच्या मजल्यावर काचेची खिडकी असलेलं ऑफिस. माझ्या खुर्चीसमोरच्या भिंतीवर मी एक मोठी चौकट लावून घेतली आणि आम्हा दोघांचे सगळे तुकडे, माझ्याकडचे अर्धे, टाचण्यांनी ओळीत लावले. पहिला डाळिंबी अगदी मधोमध. येईल त्याला मी ती भिंत दाखवायचो. दादा उद्घाटनाला आला तेव्हा चौकटीसमोर बराच वेळ उभा राहिला.

"छान आहे," म्हणाला. "पण इथं ऊन फार येतं रे."

त्याला उकडतंय असं वाटून मी एसी वाढवायला सांगितला.

त्यानंतर सहा-सात वर्षांनी त्याचा फोन आला. आवाजात खूप दिवसांनी उमेद होती. त्या म्हाताऱ्या आफ्रिकन व्यापाऱ्याचा मुलगा दुकानात आला होता. बाप गेला होता. मुलाला बापाचं ते पहिलं डाळिंबी कापडच पुन्हा हवं होतं, भरपूर. "हे गिऱ्हाईक टिकलं ना, तर दुकान टिकतं," दादा म्हणाला. "तोच रंग दे. पहिलाच."

मी भिंतीवरचा तुकडा काढला आणि डाइंग मास्टरच्या हातात दिला. त्यानं तो दारापाशी नेला, उलटासुलटा केला, माझ्याकडे बघून काहीतरी पुटपुटला. त्या दिवशी युनिटात बॉयलर बिघडला होता आणि माझं डोकं तापलेलं होतं. "जितना बोला है उतना करो! तुम मुझे रंग सिखाओगे?" म्हणून मी ओरडलो. त्यानं तुकड्याशी तंतोतंत जुळणारा रंग काढला. माल गेला.

पंधरवड्यानं दादाचा फोन. मागं चारपाच माणसांचे आवाज येत होते.

"माल उघडला. हा तो रंग नाही."

"डोळे तपासून घे."

"अरे, फिका आहे. मी माझा तुकडा धरून बघतोय ना."

"मीही तुकडा धरूनच रंगवलाय!"

"मग असं कर," तो शांतपणे म्हणाला, "तुझा तुकडा घेऊन ये. इथं दोन्ही जुळवून बघू."

मला वाटलं त्यानं चार माणसांत माझ्या थोबाडीत मारली. तुकडा घेऊन ये असं परक्याला सांगतात. मी नाही नाही ते बोललो. तुला चिनी माल घ्यायचाय म्हणून निमित्त शोधतोयस, त्या काचेतल्या लोकांनी तुला फिरवलंय, भावाकडे पुरावा मागताना लाज वाटत नाही, असं सगळं. फोन आपटला. तो तुकडा टेबलाच्या खणात भिरकावला. दादानं नंतर तीनदा फोन केला. मी उचलला नाही. चौथ्यांदा त्यानं केला नाही.

ते गिऱ्हाईक गेलं. दादाच्या दुकानात पुढं कापडाऐवजी चाव्यांच्या साखळ्या, उंटाची चित्रं असलेले कप आणि मसाल्याच्या पुड्या आल्या, असं नातेवाइकांकडून कळायचं. कळलं की मी म्हणायचो, "भोग आता." वहिनी गेली तेव्हा माझी बायको एकटी जाऊन आली. परत आल्यावर ती आठवडाभर माझ्याशी धड बोलली नाही. मी दोनदा त्याचा नंबर लावला आणि घंटी वाजायच्या आत बंद केला. पहिला फोन त्यानं करायचा होता. सौद्यात आधी तोंड उघडतो तो हरतो, हे मी आर. के. पुरमच्या बायकांकडून शिकलो होतो.

मागच्या वर्षी माझी पुतणी घरी आली. ती तिथंच जन्मलेली, तिथंच वाढलेली. तिच्या कंपनीनं तिला नोएडाच्या ऑफिसात पाठवलं होतं.

"काका, बाबांची शॉप बंद होतेय. बिल्डिंगच तोडणार आहेत. आणि बाबांचा व्हिसा शॉपवरच आहे ना. शॉप नाही तर मग तिथं राहता पण येणार नाही."

पंचेचाळीस वर्षं. इतकी वर्षं एका गावात राहून माणसाला तिथून उठायला सांगतात. ती पुढं म्हणाली की साखरेनं त्याची नजर जवळजवळ गेली आहे, उजेड आणि अंधार तेवढा कळतो, आणि ती त्याला इथं तिच्या फ्लॅटवर आणते आहे.

हे सगळं ऐकून मी काय विचारलं? मी विचारलं, "त्यानं माझ्यासाठी काही निरोप दिलाय?"

"हो. विचारलंय, काका अजून तितकेच चिडतात का."

दादा आला. तिचा फ्लॅट माझ्या घरापासून चार किलोमीटरवर. मी अकरा दिवस गेलो नाही. आता तो माझ्या गावात आलाय, तर त्यानंच बोलवावं. बाराव्या दिवशी पुतणीचा फोन आला.

"काका, तुमचं ते माल, कस्टमर, कोण राइट होतं, मला बिल्कुल समजत नाही. पण बाबा रोज चार वाजता शर्ट चेंज करून बसतात. बस, एवढंच सांगायचं होतं."

मी निघालो. आधी ऑफिसात गेलो, खणातून तो तुकडा काढला, वरच्या खिशात घातला. तुकडा आण म्हणाला होता ना? हा घे. त्या वयात, त्या अवस्थेतल्या भावाकडे मी जिंकायलाच चाललो होतो.

तो बाल्कनीत खुर्चीवर बसला होता. इस्त्रीचा शर्ट, बटणं एक घर चुकलेली. मी काही बोलायच्या आत तो म्हणाला, "चप्पल अजून फरपटतच चालतोस."

"तू अजून बटणं चुकवतोस."

तो हसला. मी त्याची बटणं नीट लावून दिली नाहीत. आता वाटतं, लावायला हवी होती. मी विचारलं, "डबा आहे का?"

काय ते त्याला लगेच कळलं. त्यानं पुतणीला हाक मारली आणि ती तो बिस्किटांचा डबा ठेवून आत गेली. वरचेवर हात लागून झाकणावरचं चित्र पुसलं गेलं होतं. मी आतली चवड चाळली, डाळिंबी सापडला, मांडीवर ठेवला, शेजारी खिशातला माझा तुकडा ठेवला.

त्याचा तुकडा पिकलेल्या डाळिंबाच्या दाण्यांसारखा होता, आत थोडा काळोख असलेला. माझा म्हणजे पावसानं धुतलेली वीट. फक्त एका कोपऱ्यात, टाचणीचं डोकं जिथं वर्षानुवर्षं दाबून बसलं होतं तिथं, वाटाण्याएवढा गोल ठिपका होता. तो ठिपका दादाच्या तुकड्याच्या रंगाचा होता.

मास्टर काय पुटपुटला होता ते मला त्या क्षणी आठवलं. "साहब, यह तो धूप खाया हुआ है."

"दे इकडे," दादानं हात पुढं केला. दोन्ही तुकडे त्यानं बोटांनी चाचपले, कडा शोधल्या, धाग्याला धागा लावत एकमेकींत बसवल्या. त्याला वेळ लागला. मी त्याच्या हातांकडे बघत राहिलो.

"जुळली," तो म्हणाला. "मग तुझंच खरं होतं. माझ्या डोळ्यांचं तेव्हाच सुरू झालं असेल. माझं चुकलं रे."

एकोणीस वर्षं मी ज्या वाक्यासाठी अडून बसलो होतो ते त्यानं असं, तुकडे कुरवाळत, सहज देऊन टाकलं. मला एवढंच म्हणायचं होतं : दादा, कड जुळते, रंग जुळत नाही. तोंड उघडलंही. पण बाहेर पडलं ते हे :

"जाऊ दे आता. झालं ते झालं."

मोठ्या मनाच्या माणसाच्या सुरात. आधी ठरवून ठेवलं होतं, अगदी तसंच.

त्यानंतर सात महिने मी रोज चार वाजता जात होतो. एकदा त्याला गाडीत घालून आर. के. पुरमला नेलं. आमची क्वार्टरची ओळ पाडली होती आणि तिथं उंच इमारती चढत होत्या. गाडीची काच खाली करून त्यानं विचारलं, "आपला जिना दिसतो का?"

"पाडलं रे सगळं."

"इथंही?" तो म्हणाला, आणि त्यानं चाचपडत काच वर केली.

रोज मी सांगायचं ठरवून जायचो. आज त्याची साखर वाढलीय, आज तो मजेत आहे, आज पुतणी घरात आहे. एकदा त्याच्या शर्टाची बाही धरून "दादा, ते कापड" एवढं म्हणालो. तो म्हणाला, "तो विषय संपला ना रे? चहा घे." मी चहा घेतला. थंडी सरता सरता एका दुपारी त्याचं हृदय थांबलं. त्या दिवशी मी पोचलो तेव्हा चार वाजायला दहा मिनिटं होती.

तेरावा झाल्यावर पुतणीनं तो डबा माझ्यापुढं ठेवला. "बाबांनी सांगितलं होतं, हा काकांना."

मग मी तिला सांगितलं. कुणाला तरी सांगायलाच हवं होतं. दोन्ही तुकडे काढून दाखवले, तो ठिपकाही. ती नीट बघत होती, पण तिला नवल वाटल्याचं दिसेना.

"बाबांना माहीत होतं," ती म्हणाली. "मी लहान होते तेव्हा बाबा आईला सांगत होते. त्याच्या ऑफिसात ते तुकडे उन्हात लावलेत, तोच धरून रंगवलं असणार, म्हणाले."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि माझं डोकं फिरलं. बारा-तेरा दिवसांपूर्वी जिथून माणूस गेला त्या घरात मी ओरडलो, "मग मला का नाही सांगितलं? एका वाक्याचं काम होतं! एकोणीस वर्षं! त्यानं मला सांगायचं होतं!"

पुतणी घाबरली नाही. तिनं दोन्ही तुकडे एकावर एक घडी केले, डब्यात ठेवले, झाकण दाबून बसवलं.

"सांगितलं होतं ना काका," ती म्हणाली. "तुकडा घेऊन ये म्हणाले होते."